साथीची जागा : हौशी कलासंस्थांच्या समीक्षेसाठी एक निकष

मराठीत गायकाबद्दल लिहायचे तर भाषा तयार आहे. आवाजाचा लगाव, घराण्याची शिस्त, बंदिशीची निवड, लयीशी असलेले नाते अशा खुंट्या भिंतीत ठोकलेल्या आहेत. लिहिणाऱ्याने आपले म्हणणे त्यांवर टांगायचे. नाटकाचेही तसेच. पण ज्या मंडळाने ते गाणे ठरवले, ज्यांनी दारोदार जाऊन वर्गणी जमवली, सभागृहाचे भाडे भरले, तंबोरे रिक्षातून मांडीवर घेऊन आणले, त्या मंडळाबद्दल लिहायची वेळ आली की समीक्षा संपते आणि स्मरणिका सुरू होते. स्मरणिकेची भाषा आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे : रोपट्याचा वटवृक्ष, निरपेक्ष सेवा, पडद्यामागचे हात. तिच्यात कृतज्ञता असते, परीक्षण नसते. दुसऱ्या बाजूला 'हौशी असूनही बरे झाले' ही पाठ थोपटणारी सवलत असते. दोन्हींचा परिणाम एकच होतो. हौशी संस्थेला कोणी गंभीरपणे वाचत नाही.

वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने (१९६१) स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची मांडणी करून दाखवली. त्या मांडणीशी पुढे अनेकांचे मतभेद झाले. परंतु मतभेद व्हावेत इतके ठोस काही त्यांनी हातात दिले, हे त्या पुस्तकाचे मोठेपण आहे. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते, तरी त्यांनी ताळेबंद मांडला तो गायकीचा. संस्थांचा ताळेबंद मांडायचे काम त्यांच्यानंतरही कोणी फारसे अंगावर घेतले नाही.

प्रस्तुत लेखात मी असा एक निकष सुचवतो आहे. हौशी कलासंस्था जोखताना तिच्या व्यासपीठावर कोण बसून गेले हे आधी पाहू नये. तिच्यात साथीच्या जागा किती आहेत, त्या किती नेमाने भरतात आणि त्यांवर कोणाला बसू दिले जाते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

'साथ' हा शब्द इथे तबला-पेटीपुरता घेतलेला नाही. ज्याचे कौशल्य अजून अपुरे आहे, कदाचित कायमच अपुरे राहणार आहे, अशा माणसाला प्रत्यक्ष कलेच्या आत उपयोगी पडता येईल आणि उपयोगी पडता पडता शिकता येईल, अशी कोणतीही जागा म्हणजे साथीची जागा. सतरंजी घालणे ही सेवा आहे, साथ नव्हे. सतरंजी घालणारा कलेच्या शेजारी असतो. टाळ धरणारा कलेच्या आत असतो. हा फरक वरवर किरकोळ वाटेल. माझ्या मते हौशी संस्थांचे आयुष्य त्यावरच ठरते.

करंजाडे कशासाठी?

मी करंजाड्यात राहतो, हे हे गाव निवडण्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या गावात संस्था आधीपासून असतात, त्यामुळे त्या कशाने टिकल्या हे दिसत नाही. सवयीने टिकल्या असे वाटते. नव्या वसाहतीत सगळे उघड्यावर असते.

पनवेल शहराला खेटून असलेले करंजाडे हे सिडकोच्या नव्या वसाहतींपैकी एक. १९७० साली सिडको स्थापन झाली, शेतजमिनी संपादित झाल्या. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. करंजाड्यातल्या कितीतरी इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली. त्यांतल्या काहींचे पुनर्वसन वडघर-करंजाडे परिसरात झाले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा करंजाडे तिच्या हद्दीबाहेर राहिले. वस्ती सात मजल्यांची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशी इथली स्थिती.

त्यामुळे इथे तीन तऱ्हेचे लोक शेजारी आले आहेत : मूळ ग्रामस्थ, उठून आलेली गावे, आणि कर्ज काढून घर घेतलेली, घाटावरून, मराठवाड्यातून, मुंबईच्या चाळींतून आलेली कुटुंबे. तिघांचीही आपापली हौस आहे. मूळ गावांत भजन आहे, गणपतीत आणि शिवजयंतीला ढोल-ताशा आहे, सोसायट्यांमध्ये कराओके आहे, शिकवणीच्या खोल्यांतून पेटी आणि तबला ऐकू येतो. बिदागी घेणारा व्यावसायिक यात अपवादाने. बाकी सगळे पदरमोडीवर.

मोठी नाट्यगृहे फार लांब नाहीत. पनवेलला वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे आहे, वाशीला विष्णुदास भावे यांच्या नावाचे. पण नाट्यगृह ही प्रयोगाची जागा आहे, तालमीची नव्हे. आणि हौशी कलेचे नव्वद टक्के आयुष्य तालमीत जाते.

गायन समाज ते परीक्षा

हौशी संगीतसंस्थांचा आपला इतिहास दीडशे वर्षांचा आहे. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. १९११ साली भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाचा पाया घातला. दरबार आणि कोठी यांच्याबाहेर, वर्गणीदार सभासदांच्या बळावर गाणे चालवता येईल, ही कल्पना या संस्थांनी रुजवली.

या सगळ्यांत विष्णु दिगंबर पलुसकरांचा अनुभव हौशी संस्थांसाठी सर्वांत बोलका आहे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या देणग्या आणि तिकीट लावून केलेल्या मैफली यांवर त्यांनी ते उभे केले. १९०८ साली ते मुंबईला आले, तिथे मोठी इमारत बांधली, आणि कर्जापायी ती इमारत हातची गेली. १९३१ साली पंडितजी निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज त्या अखिल भारतीय मंडळाची वास्तू वाशीला, करंजाड्याहून लोकल गाडीच्या अंतरावर आहे आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांना गावोगावची मुले बसतात.

इमारत गेली आणि परीक्षा राहिली, यातून काय दिसते? इमारतीला एका माणसाच्या झपाट्याची गरज होती. परीक्षेला शेकडो सामान्य शिक्षकांच्या नेमाची. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पुढच्या खोलीत दहा मुलांना अलंकार घोकून घेणारी शिक्षिका मैफल गाजवणारी गायिका नसते. तिच्या अपुऱ्या कौशल्याला या रचनेत मानाची आणि उपयोगाची जागा मिळाली. माझ्या निकषाने पाहता ही साथीचीच जागा आहे. तिने शिकवलेल्या शंभरांतले नव्व्याण्णव गायक होत नाहीत, पण ते श्रोते होतात, आणि राग ओळखणारा श्रोता ही कोणत्याही गावाची मिळकतच म्हणायची.

त्याच निकषाने परीक्षेची उणीवही दिसते. परीक्षा मुख्यतः एकट्याची घेतली जाते. शिकवणीत मूल एकटे गाते किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात गाते. दुसऱ्याचे गाणे सावरणे, त्याच्या चुकीवर पांघरूण घालत लय धरून ठेवणे, आपण मागे राहून त्याला पुढे जाऊ देणे, हे त्याला क्वचितच करावे लागते. म्हणून विशारद झालेली मुले गावात पुष्कळ आणि एकमेकांबरोबर बसून गाणारी-वाजवणारी थोडी, असे चित्र दिसते. मध्यमा झालेला तबलजी आणि मध्यमा झालेली गायिका एकाच इमारतीत राहत असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. तिच्या मोबाइलमध्ये तबला आणि तंबोरा दोन्ही आहेत, मग ओळख हवी कशाला?

तालमीची खोली

नाटकाच्या बाजूने पाहिले तर साथीच्या जागा भरपूर असतात. प्रकाशयोजना, नेपथ्य, पार्श्वसंगीत, रंगभूषा, प्रॉम्प्टिंग, तीन वाक्यांची भूमिका. नाटक हा हौशी माणसांना सामावून घेणारा कलाप्रकार का आहे, हे या यादीवरूनच कळते. गोव्यात गावच्या जत्रेला गावातल्याच लोकांनी नाटक बसवण्याची प्रथा अजून चालते. दुकानदार, मास्तर, बसचालक त्यात उभे राहतात. एक जण विसरला तर विंगेतला त्याला उचलतो.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासूनची. बक्षीस मिळवणारे लेखक-नट नंतर नावारूपाला आले की त्या स्पर्धेचे श्रेय त्यांच्या खात्यावर मांडले जाते. मला तिचे खरे काम वेगळे वाटते. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या नियमांनी, एका एकांकिकेमागे महाविद्यालयातली वीस-पंचवीस मुले ती स्पर्धा कामाला लावते. त्यांतली बहुतेक रंगमंचावर येतही नाहीत. ती पुढे बँकेत जातात, कारखान्यात जातात आणि जिथे जातील तिथे नाटक कसे उभे राहते हे ठाऊक असलेली माणसे म्हणून राहतात. अशी चार माणसे एका वसाहतीत असली की तिथे नाटक होते.

पण नाटकाला खोली लागते. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'ने सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि पुढे एका संपूर्ण चळवळीलाच त्या शाळेचे नाव मिळाले. नाटककारांच्या नावाने ती चळवळ ओळखली गेली नाही, एका खोलीच्या नावाने ओळखली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शाळा सुटल्यावर बाके हलवून मोकळी होणारी, परवडणाऱ्या भाड्याची, रेल्वे स्थानकाजवळची जागा मिळाली म्हणून लहान लहान संस्थांना प्रयोग करता आले.

पार्ल्याचे उदाहरण याहून जवळचे वाटते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतले विलेपार्ले हे आजच्या करंजाड्यासारखेच होते : रेल्वेच्या आधाराने वाढणारे, शहराबाहेरचे, सकाळी कामाला जाऊन रात्री परतणाऱ्यांचे उपनगर. तिथे १९२३ साली लोकमान्य सेवा संघ निघाला. वाचन, व्याख्यान, व्यायाम, संगीत, नाटक यांना एका छपराखाली जागा झाली. पुढे पार्ले हे अभिरुचीचे गाव म्हणून ओळखले गेले, तेव्हा लोकांनी त्याचे श्रेय पार्लेकरांच्या अंगभूत संस्कारांना दिले. संस्कारांचे मला माहीत नाही. छप्पर होते, ते रोज उघडत होते, आणि तिथे काही ना काही करायला माणसे लागत होती, एवढे खरे.

भजन : रचनेतच असलेली पायरी

करंजाडे आणि आसपासच्या गावांत नेमाने चालणारी सर्वांत जुनी हौशी संगीतसंस्था म्हणजे भजनी मंडळ. तिच्याकडे संगीतसमीक्षेने पाहिलेच नाही असे नाही. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा संगीताच्या कोटी मांडल्या, तेव्हा भक्तिसंगीताला स्वतंत्र जागा मिळाली. पण कोटी ठरली की आपण तिथेच थांबतो. भजनातले रागसंगीत मोजायचे आणि 'शास्त्रीय बैठक चांगली आहे' असे प्रशस्तिपत्र द्यायचे. भजनाची खरी कमाल त्याच्या रचनेत आहे.

ती रचना पाहा. बुवा पेटीवर. शेजारी पखवाज. समोर किंवा दोहों बाजूंना टाळकरी आणि कोरस. बुवा चरण म्हणतो, मंडळी ध्रुपद उचलतात. रूपावली, अभंग, गौळण, गजर असा क्रम सरकतो. या क्रमात कौशल्याच्या किमान चार पायऱ्या एकाच वेळी कामात असतात. पहिल्याच दिवशी आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ध्रुपद म्हणता येते, कारण ते परत परत येते. काही महिन्यांत त्याच्या हातात टाळ येतो; टाळ चुकला तर शेजारच्या दहा टाळांत तो बुडून जातो आणि पखवाजावर कान ठेवला की सुधारतो. वर्षे गेली की कोणी पखवाजाकडे सरकतो, कोणी पेटीकडे. बुवा एखाद्या चरणावर रागाची बढत करू लागतो तेव्हा तो आपल्या पूर्ण ताकदीने गात असतो. नवशिक्या मुलामुळे त्याला खाली उतरावे लागत नाही. आणि मुलालाही बुवामुळे गप्प बसावे लागत नाही. गजर चढतो तेव्हा दोघेही तितकेच लागतात.

कलेची पातळी न उतरवता नवख्याला आत घेणे हा कोणत्याही हौशी संस्थेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. ख्यालाच्या मैफलीला तो सोडवता आलेला नाही. तिथे नवख्याला दोनच कामे : ऐकणे किंवा सतरंजी घालणे. फार तर तंबोरा, आणि तोही शिष्यालाच. भजनाने तो प्रश्न रचनेतच सोडवून ठेवला आहे. म्हणून कार्यवाह, घटना, अहवाल यांपैकी काही नसताना भजनी मंडळे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चालतात.

दुसरे कारण वाराचे. ठरलेल्या वारी भजन असते. कोणी येवो न येवो, ते असते. धर्मशास्त्रात नित्य आणि नैमित्तिक असा भेद आहे. महोत्सव हे नैमित्तिक, साप्ताहिक भजन हे नित्य. आपल्या सांस्कृतिक संस्थांचा सगळा पैसा, सगळे फलक आणि सगळे पाहुणे नैमित्तिकावर खर्च होतात. साथ मात्र नित्यातच तयार होते. टाळ वर्षातून एकदा हातात घेऊन येत नाही.

विमानतळाने उठवलेल्या गावांच्या संदर्भात हा भेद फार जिव्हाळ्याचा होतो. देऊळ नव्या जागी बांधता येते, त्याला मोबदला ठरवता येतो. वाराचा मोबदला कोणत्याच पॅकेजमध्ये नसतो. गाव एकत्र हलले तरी आळी तशीच्या तशी हलत नाही. पूर्वी पखवाजाचा आवाज ऐकून माणूस घरातून निघे. आता तो चौथ्या मजल्यावर बंद खिडकीआड असतो आणि त्याला फोन करावा लागतो. भजनाची गरज थोडी आहे, पेटी, पखवाज, टाळ आणि बसायला जागा. त्यामुळे ते उठूनही टिकू शकते. पण त्याला 'पारंपरिक' म्हणून कौतुकाच्या कपाटात ठेवले आणि नव्या मुलांसाठी दुसरेच काही सुरू केले, तर कोरसच्या जागा रिकाम्या होतील. बुवा गात राहील, ध्रुपद उचलायला मात्र कोणी नसेल. ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जी गावे त्याखाली गेली त्यांच्या गाण्याची नोंद घेण्याची वेळ हीच आहे.

कराओके आणि पथक

सोसायट्यांतल्या कराओके मंडळांना हसणे सोपे आहे. मी ते करणार नाही. दिवसभर लोकलने जाऊन-येऊन थकलेली माणसे शनिवारी रात्री एकत्र जमून गातात, हे चांगलेच आहे. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला तो तिथे. स्त्रियांना या मंडळांत जितकी सहज जागा आहे तितकी भजनात नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पण निकष लावला की अडचण दिसते. कराओकेत साथ आधीच पूर्ण झालेली असते. वादक यंत्रात आहेत, ते चुकत नाहीत, थांबत नाहीत, गायकाकडे पाहत नाहीत. गायक घसरला तर त्याला कोणी सावरत नाही. ट्रॅक पुढे निघून जातो. त्यामुळे कराओके मंडळात एकच जागा असते, मुख्य गायकाची, आणि सगळे जण तिच्यासाठी नंबर लावून बसलेले असतात. आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचे गाणे ऐकण्याचा संयम सुटतो. नंबर होऊन गेला की मोबाइल निघतो. ही माणसे असंस्कृत आहेत म्हणून असे होत नाही. रचनेत दुसऱ्याच्या गाण्यात त्यांना कामच ठेवलेले नाही, म्हणून होते. एक पेटी आणि एक ढोलकी आणली, दर गाण्याला चार जणांनी कोरस धरायचा असा नियम केला, तरी त्याच मंडळाचा पोत बदलेल.

ढोल-ताशा पथकांचे उलट आहे. पुण्याच्या शाळांच्या पथकांतून पुढे राज्यभर पसरलेला हा प्रकार साथीच्या जागांनी ओसंडून वाहतो. पथकात शंभर ढोल असू शकतात. मुली बरोबरीने वाजवतात. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सराव चालतो. महाविद्यालयीन मुलामुलींना एवढा नेम लावणारी दुसरी संगीतसंस्था आज क्वचितच आहे. उणीव आहे ती वरच्या टोकाला. भजनात टाळापासून रागाच्या बढतीपर्यंत पायऱ्या जातात. पथकात ताशा सोडला तर पायऱ्या लवकर संपतात. तीन-चार वर्षांत मुलगा जे शिकायचे ते शिकतो आणि मग गळतो. साथ भरपूर, पण चढायला वाट नाही. शिवाय सरावाला जागा नाही. सहा मजली इमारतींच्या मध्ये शंभर ढोल वाजले की तक्रार होणारच, आणि तक्रार करणाऱ्याच्या घरात दहावीचे मूल किंवा आजारी म्हातारा असतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी केली ती योग्यच आहे. मात्र आवाज कुठे करू नये हे ठरवताना तो कुठे करावा हेही कोणीतरी ठरवायला हवे होते.

कोणाला बसू दिले जाते?

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अडचणीचा. साथीच्या जागा आहेत, नेमाने भरतात, पण कोणाच्या? एकोणिसाव्या शतकातल्या गायन समाजांनी गाणे प्रतिष्ठित घरांत आणले, हे त्यांचे मोठे कार्य. त्या प्रतिष्ठेची किंमत, ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ते गाणे सांभाळले होते, त्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांनी मोजली. 'कुलीन' श्रोत्यांच्या सभेत त्यांना सन्मानाने जागा मिळणे कठीण झाले. हौशी संस्था अशा रीतीने दार उघडते आणि त्याच हाताने दुसरे लावूनही घेते.

आपल्या भजनी मंडळांतही हे दार आहे. पुरुषांचे मंडळ वेगळे, महिलांचे वेगळे, आणि वाजवायला चांगला पखवाज बहुधा पहिल्याकडे. याच पट्ट्यातल्या आगरी समाजात लग्नाचे विधी गाण्यातून चालवणारी धवलारीण होती. ती धवला म्हणे, जमलेल्या बाया तिची ओळ उचलत. भजनाच्या रचनेतली सगळी गुणवत्ता त्यात होती : एक जाणती, बाकीच्या शिकत्या, आणि गाण्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही अशी गरज. ध्वनिवर्धक, बँड आणि डीजे आले तसा तो आवाज मागे पडला. धवल्यांची पुस्तके निघाली, संशोधन झाले, हे चांगलेच. पण ओळ उचलणाऱ्या बायांची जागा पुस्तकात छापता येत नाही. आज करंजाड्यात नव्याने महिला मंडळ सुरू होते तेव्हा ते बहुधा हळदीकुंकू आणि स्पर्धा यांपासून सुरू होते. गावातल्या वृद्ध स्त्रीला मध्ये बसवून तिची ओळ उचलायला शिकणे हा कार्यक्रम कोणी ठेवत नाही. ठेवला तर फ्लॅटमधली स्त्री आणि गावातली स्त्री यांना एकाच सतरंजीवर बसायला कारण मिळेल. नव्या वसाहतीत अशी कारणे फार कमी आहेत.

एक आक्षेप आणि मागणी

या निकषावर एक रास्त आक्षेप येईल. साथीच्या जागा मोजत बसलो तर श्रेष्ठ कलेचे काय? सुमार गाणाऱ्यांची सोय लावणे हे कलासंस्थेचे काम आहे का?

या आक्षेपाला उत्तर मैफलींच्या इतिहासातच आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाने चालवला. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायक वर्षानुवर्षे हजेरी लावतात. तिथले गाणे श्रेष्ठ, हे सर्वमान्य आहे. परंतु रात्र-रात्र बसून ते ऐकणारा श्रोता हवेतून आलेला नाही. गायन समाजांनी, परीक्षांच्या वर्गांनी, घरोघरच्या पेट्यांनी तो तयार केला. ज्याने कधी तरी दुसऱ्याच्या गाण्याला लय धरून दिली आहे, तो समेवर मान हलवतो तेव्हा त्याला ती सम कळलेली असते. साथीच्या जागा आटल्या की श्रेष्ठ कलेला प्रेक्षक उरतात, श्रोते उरत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या वसाहतीच्या आराखड्यात शाळा, दवाखाना, बाग यांचे भूखंड असतात. एखादे भव्य सांस्कृतिक केंद्रही कधीतरी जाहीर होते. त्याची वाट पाहण्यापेक्षा प्रत्येक विभागात एक खोली हवी. आवाज बाहेर न जाणारी, संध्याकाळी सहा ते दहा उघडी, नाममात्र भाड्याची. त्यात एक पेटी, एक पखवाज, तबल्याची एक जोडी आणि टाळांचे दहा जोड असावेत. सोमवारी भजन, मंगळवारी नाटकाची तालीम, बुधवारी शिकवणीतल्या गायिकेने शिकवणीतल्या तबलजीबरोबर बसायचे, असे वार लावून द्यावेत. रिकाम्या संध्याकाळी बंद असणाऱ्या शाळांच्या वर्गांतूनही हे होऊ शकते. छबिलदासला वेगळे काही नव्हते.

आणि संस्थांनी आपल्या वार्षिक अहवालात एक रकाना वाढवावा. यंदा कोणते मान्यवर आले, किती श्रोते आले, हे लिहिलेले असतेच. त्याखाली लिहावे : यंदा किती नव्या माणसांनी पहिल्यांदा टाळ धरला, पहिल्यांदा ठेका दिला, पहिल्यांदा विंगेतून पडदा ओढला, त्यांत स्त्रिया किती, मूळ गावातले किती, नव्या इमारतींतले किती, आणि गेल्या वर्षी ज्यांनी टाळ धरला होता त्यांतले किती जण यंदाही आले. हा आकडा प्रामाणिकपणे लिहायचा तर पुष्कळ नामवंत संस्थांना तो लपवावासा वाटेल, आणि देवळाच्या ओसरीवरच्या एखाद्या बिननावाच्या मंडळाला तो अभिमानाने सांगता येईल. समीक्षकाने आपले काम तिथून सुरू करावे.